कातळची हनुवटी

४ सप्टेंबर, भोर

सकाळी चहा होतोय न होतोय तोच प्रद्युम्न सरांचा पुण्याहून फोन. "चैत्राली, तो वाळू चोरणारा माफिया आता पुरे झाला. पोरं कंटाळली. सातव्या अंकाला मोठा शत्रू पाहिजे. देश पाहिजे, देश!" जसं काही मी किराणा दुकानात बसलेय आणि हे अर्धा किलो देश बांधून मागताहेत.

सर म्हणजे आमच्या 'कातळ' या कॉमिकचे प्रकाशक, संपादक, आणि पोस्टात पार्सलं टाकायलाही तेच जातात. लिहिणं आणि चित्रं माझी. कातळ हा आमचा सुपरहिरो. वेल्ह्याकडचा भात पिकवणारा गडी, खडकावर उभा असताना अंगावर वीज पडली, तेव्हापासून मनात आणलं की त्याचं अंग दगडाचं होतं. त्याचा जबडा सोमाचा आहे. तीन वर्षांपूर्वी कातळ पहिल्यांदा काढला तेव्हा सोमनाथ, म्हणजे माझा नवरा, जहाजावरून सुटीवर आला होता. त्याच्या पाठीला अंघोळीचा टॉवेल बांधला, स्टुलावर उभा केला आणि "हनुवटी वर, अजून वर" करत दुपारभर ताटकळत ठेवला. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी करणारा नवरा वर्षातून तीन महिनेच हाताला लागतो. तेवढ्यात सगळी कामं उरकून घ्यावी लागतात.

त्याच्या उजव्या भुवईत एक काप आहे. लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं. तो मी काढला होता, पण सर म्हणाले, छपाईची चूक वाटते. मग भुवई सलग केली. सोमा म्हणाला, "बरं झालं. आता मला कुनी वळखणार न्हाई."

संध्याकाळी बाबांशी बोलले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाबा जगाचा कारभार टीव्हीसमोरच्या खुर्चीतून पाहतात. त्यांनी एका दमात देश सुचवला, कारणंही दिली. सर म्हणाले, तोच घ्या, फक्त खरं नाव नको. कोर्टकचेरी नको. पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मग मी 'ओरझाक' हे नाव काढलं. नाव खोटं, समुद्र खरा, किनारा नकाशावरून जसाच्या तसा उचललेला. इथेही तेच नाव लिहिते. तोंडात बसलंय.

११ सप्टेंबर

जुनी परदेशी कॉमिक्स चाळतेय. गंमत आहे. सुपरहिरो तोच, त्याचा झगा तोच, खलनायकाचा तेवढा पासपोर्ट बदलतो. आधी जर्मन. मग जपानी, दात पुढे काढलेले. मग लढाई संपली, जपानी सभ्य झाले आणि रशियन आले, हातात अणुबॉम्बचे कागद घेऊन. मग वाळवंटातले दाढीवाले. सरकारं भांडली की सहा महिन्यांत सुपरहिरो त्यांच्याच मागोमाग भांडायला निघतो. सरकारं गळ्यात गळे घालतात तेव्हा खलनायक गुपचूप पान सोडून जातो. त्याला कुणी निरोपसुद्धा देत नाही.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तू चित्रं काढ. राजकारण तुला कळायचं नाही."

ओरझाकचे सैनिक काढले. नाकं लांब, भुवया जाड. चांगले भीतीदायक झालेत. जहाजावरची माणसं मात्र सर म्हणाले ठिपके ठेव. "हल्ला होतो, कातळ येतो, क्षेपणास्त्र हातानं अडवतो. माणसांची गर्दी कशाला? स्फोट दिसला पाहिजे."

२० सप्टेंबर

सोमाचा फोन आला. आवाज येत-जात होता. त्याच्या जहाजावरचा खानसामा ओरझाकचाच आहे, घरही तिथल्या बंदरात. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याने सोमाकडून भाकरी शिकून घेतली आणि आता याच्यापेक्षा गोल करतो म्हणे. सोमाने त्याला मोबाईलवर माझी पानं दाखवली.

"हसला आगं. नाकाला हात लावून म्हनला, माझं एवढं मोठं हाय का?"

मी म्हटलं, "नाक मोठं काढलं नाही तर शत्रू आहे हे कळणार कसं?"

फोनमध्ये नुसती खरखर. रेंज गेली असणार. मग म्हणाला, "आन जहाजावरच्या पोरांना तोंडं का न्हाईत?"

"ती छोटी आहेत, सोमा. ठिपके आहेत ते."

"मग मला बी एक ठिपका दे की."

लगेच दिला. चिमणीच्या मागे, बाकीच्यांपेक्षा जरा बाजूला. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं: "मी कधी वर नसतो. खाली इंजिनात असतो. पन चालंल, वारं तरी लागंल."

वेडा आहे.

५ ऑक्टोबर

अंक जवळपास झाला. क्षेपणास्त्राचं पान तेवढं जमत नव्हतं. आकाशात ते नेमकं कसं दिसतं, आग मागे किती लांब राहते, काही कळेना. आणि काय योग, कालच सोमाचा फोन. त्यांचं जहाज ओरझाकच्या किनाऱ्याजवळच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी थांबलंय. पुढच्या दोन जहाजांना मार बसलाय म्हणे.

सोमा म्हणाला, "चैतू, हितं बंदरात उतरून येऊ का घरी? कंपनी दुसरा मानूस देती. कापनी बी आलीच हाय, अण्णाला हात लागंल."

मी म्हटलं, आता दोन महिन्यांसाठी कशाला मध्येच सोडतोस, करार मोडला की पुढच्या वेळी हेच लोक यादीतून नाव काढतील. हे काही मी एकटीच म्हणते असं नाही, तोच नेहमी म्हणतो.

"रातीला उजेड दिसतात," तो म्हणाला. "वर. एकदम."

"फोटो काढ ना! सोमा, प्लीज, मला तेच पाहिजे होतं."

आज दुपारी रात्रीचा फोटो आला. अप्रतिम आहे. काळं आकाश आणि त्यात एक लालसर रेघ. हात हलल्यामुळे रेघ नागमोडी आलीय, पण तीच मजा आहे. मी ती तशीच्या तशी पानात घेतली. सर खूश. म्हणाले, असली रेघ कुणाच्या बापाला सुचली नसती.

१९ ऑक्टोबर

सोमाच्या जहाजाला लागलं. इंजिनरूमला. बाबांनी टीव्हीवर जहाजाचं नाव वाचलं आणि मला हाक मारली, आणि मला पाहून टीव्ही बंद केला. मी म्हटलं, लावा. लावा म्हणून ओरडले.

२१ ऑक्टोबर

कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून एक बाई फोन करतात. आवाज अगदी मऊ. बाकीची माणसं होडीतून उतरली. इंजिनातले चौघे नाहीत. जहाज ओढून बंदरात न्यायचं चाललंय.

२३ ऑक्टोबर

जहाज ओढत नेताना बुडालं. तिघांचे देह आधी बाहेर काढले होते. सोमा नाही सापडला.

नाही सापडला. हे दोन शब्द मी आज दिवसभर धरून बसलेय.

२७ ऑक्टोबर, पासली

बाबांनी गाडी करून आणून सोडलं. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे, सगळीकडे भातं कापायला आलेली. सोमा म्हणाला होता तसंच. पासलीला आमच्या खाचरात शेजारची माणसं न सांगता उतरली होती. मामा, म्हणजे माझे सासरे, सोमाचे अण्णा, बांधावर उभे होते, हातात विळा होता पण कापत नव्हते. गाडी बघून म्हणाले, "आलीस? बस. पानी पी."

आत्याबाई, माझ्या सासूबाई चंद्राबाई, चुलीपुढे होत्या. रडून रडून त्यांचा आवाज बसलाय. मला जवळ घेतलं. त्यांच्या लुगड्याला धुराचा आणि नव्या पेंढ्याचा वास होता. सोमा घरी आला की आधी असंच त्यांच्या खांद्यात तोंड खुपसायचा, आणि मी चिडवायचे, बघा बोटीवरचा मर्द.

मी त्यांना सांगितलं, आत्या, तो सापडला नाही म्हणजे गेला असं नाही. आमच्या धंद्यात हा पहिला नियम आहे. ज्याचं प्रेत दाखवलं नाही तो मेला नाही. दरीत पडलेला, स्फोटात सापडलेला, समुद्रात वाहून गेलेला, सगळे परत येतात. कुठल्या तरी कोळ्याला सापडतात, कुठल्या तरी बेटावर असतात, नाव विसरलेले असतात. परत येतात.

त्या माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

६ नोव्हेंबर, भोर

सर घरी आले होते. माणूस वाईट नाही, एवढा जिना चढून आला. मग म्हणाले, विशेषांक काढू. कातळ ओरझाकवर चाल करून जातो. पहिल्या पानावर सोमनाथला अर्पण. "लोकांच्या मनात राग आहे, चैत्राली. त्या रागाला चेहरा पाहिजे."

मी लगेच हो म्हटलं. राग म्हणाल तर माझ्याकडे गाडीभर आहे.

आजच एका परदेशी नंबरवरून आवाजी संदेश आला. सोबत फोटो, खाली नाव: उस्ताद. हाताला पट्ट्या. ओरझाकचा माणूस वाचला आणि सोमा नाही. मी तो संदेश उघडला नाही. ऐकणारही नाही.

३० नोव्हेंबर

गेले कित्येक दिवस फक्त चित्र. जेवणसुद्धा बाबा पुढ्यात आणून ठेवतात. आयुष्यात इतकं चांगलं मी काढलेलं नाही, हे मलाच दिसतंय. कातळ समुद्रातून चालत जातो, पाणी कमरेला. ओरझाकचं बंदर एका बुक्कीत फोडतो. झेंडा चिरडतो. क्रेन, गोदामं, धूर, सगळं खाली. आणि खाली ठिपके पळताहेत, शेकड्यांनी ठिपके, ते काढताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही.

बाबांनी पानं पाहिली. त्यांचे डोळे भरले. "बरोबर केलंस. यांना अशीच भाषा कळते," म्हणाले. बाबा मला असं शाळेनंतर पहिल्यांदाच बरोबर म्हणाले.

शेवटच्या पानावर कातळ किनाऱ्यावर एका माणसाला हातांवर उचलून बाहेर आणतो. त्या माणसाचं तोंड दुसऱ्या बाजूला आहे. कुणी विचारलं तर सांगणार नाही, पण तो सोमा आहे आणि त्याचा श्वास चालू आहे.

१४ डिसेंबर, पासली

भात झोडून झालंय. कणग्या भरल्यात. मामांनी मला पडवीत बोलावलं. बोलताना माझ्याकडे नाही, अंगणातल्या दगडाकडे बघत होते.

"पोरी, कंपनीचा कागद आलाय. गावात समद्यांस्नी ठावं हाय. वेल्ह्याचं गुरुजी म्हनले, मानूस घावला न्हाई तर पानांचा पुतळा करत्यात. पळसाच्या. वर पीठ लिंपायचं, तोंड करायचं. मग त्येला रीतीपरमानं अग्नी द्याचा. तवर त्येला वाट न्हाई. आसं पान्यात किती दीस ऱ्हाईल त्यो?"

मी काय काय बोलले ते लिहायला लाज वाटतेय. म्हटलं, तुम्हाला घाई झालीय. म्हटलं, पोटच्या पोराला पिठाचा करून जाळायला निघालात. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. आत्याबाई आतून आल्या आणि त्यांनीही मला गप्प केलं नाही. मी म्हटलं, "आत्या, नियम सांगितला ना तुम्हाला? प्रेत दिसलं नाही तर—"

"तुज्या पुस्तकात आसंल, पोरी," त्या हळू म्हणाल्या. "हितं आमाला त्याची भाकर कुठं ठिवावी ह्ये बी कळंना झालंय. जित्याची ठिवावी का मेल्याची?"

उद्याच्या पहिल्या एस.टी.ने मी भोरला निघून जाणार आहे.

९ जानेवारी, भोर

विशेषांक छापखान्यात जायचा होता. सरांचा फोन आला, आवाज चोरट्यासारखा.

"टीव्ही बघितलास? काल करार झाला. तेलाचा, बंदराचा, सगळ्याचा. ओरझाक आता आपलं मित्रराष्ट्र आहे. त्यांचे मंत्री दिल्लीत हार घालून घेताहेत. आपण त्यांचं बंदर फोडलेलं छापलं तर कोण विकायला ठेवेल सांग? फार काही नाही करायचं. झेंड्याचा रंग बदल. हिरव्याचा नारिंगी कर. दोन ठिकाणी नाव बदल. ओरझाकचं मेलोरा कर, तेही तसेच आहेत. चेहरे चालतील."

"चेहरे चालतील?"

"नाकं लांबच आहेत ना," सर म्हणाले. नंतर म्हणाले, "मला अंक चालवायचाय गं. अर्पणपत्रिका आहे तशीच ठेवू."

चौकशीचा निकाल कधीच लागलाय म्हणे, टीव्हीच्या खालच्या पट्टीत येऊन गेला. हल्ला कुणी केला ते अज्ञात. मी बाबांना विचारलं, "बाबा, मग सोमाला कुणी मारलं?" मारलं असा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा गेला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आंतरराष्ट्रीय राजकारणात कायमचा शत्रू कुणी नसतो, चैत्राली. राष्ट्रहित बघावं लागतं."

तीन महिने याच खुर्चीत बसून त्यांनी ओरझाकच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. फक्त एकदम खूप एकटं वाटलं. या घरात सोमासाठी चिडलेली मी एकटीच उरले होते.

झेंडा बदलायला फाईल उघडली. रंग बदलायला एक टिचकी लागते. टिचकी मारली. झाला नारिंगी. परत मारली, हिरवा. नारिंगी, हिरवा. चित्रातलं बाकी काही हललंसुद्धा नाही. तोच धूर, तेच पळणारे ठिपके.

मग सातव्या अंकाची फाईल काढली. सोमाचं जहाज. चिमणीच्या मागचा त्याचा ठिपका शोधला. सापडला. मोठा केला. अजून मोठा केला. स्क्रीन भरून गेली, नुसते काळे चौकोन. त्यात डोळे नव्हते, तोंड नव्हतं, काहीच नव्हतं. मीच काढला होता, मला माहीत होतं, तरी मी मोठा करत राहिले.

१० जानेवारी

आज उस्तादचा संदेश ऐकला. तुटकी हिंदी. मध्ये मध्ये तो थांबतो, मागे कुठे तरी लहान मूल रडतं. जसं आठवतं तसं लिहिते, परत ऐकायचं धाडस नाही.

"बहन, मैं उस्ताद. सोमा भाई नीचे था. आग, धुआँ. दरवाज़ा लाल, गरम. हम तीन आदमी खींचा, नहीं खुला. मेरा हाथ जल गया. वो अंदर से मारता था, ठक ठक. हम बोला, सोमा भाई, रुको, रुको. फिर ठक ठक नहीं. बहन, मैं वहीं था. माफ़ करना. वो रोज़ बोलता था, मेरी बीवी बहुत अच्छा तस्वीर बनाती है."

फाईलच्या नावातली तारीख पाहिली. जहाज बुडायच्या आधीच त्याने हे बोलून ठेवलं होतं, पाठवायला हिंमत नंतर झाली. म्हणजे जगात एका माणसाला सगळं माहीत होतं आणि तो माझ्या खिशात दोन महिने गप्प बसून होता, कारण मीच त्याला लांब नाक काढून दिलं होतं.

तो गेला. सोमा गेला. तो ऑक्टोबरमध्येच गेला, दारावर हात आपटत, आणि मी नियम सांगत बसले.

१२ जानेवारी

सरांना कळवलं, मी झेंडा बदलणार नाही. बंदर फोडलेलंही छापू नका. त्या बंदरात उस्तादचं घर आहे. सर आधी समजावत राहिले, मग म्हणाले, पानं माझ्याकडे आहेत, रंग दुसरं कुणीही बदलेल. बरोबर आहे, टिचकीचंच काम आहे. मी फक्त म्हटलं, अर्पणपत्रिका काढा. तेवढं ते हो म्हणाले.

उस्तादला उत्तर पाठवलं. काय लिहावं कळेना. शेवटी एवढंच लिहिलं: हात कैसा है?

मग पासलीला फोन लावला. रेंज नव्हती. वेल्ह्याला किराणा दुकानदाराकडे निरोप ठेवला: मामांना सांगा, चैत्राली येतेय. पुतळा करू.

२ फेब्रुवारी, पासली

उद्या भोरला जायच्या आधी हे लिहून काढायचंय, नाहीतर राहून जाईल.

सकाळी मामा आणि शेजारचे धनाजीकाका डोंगराकडे जाऊन पळसाची पानं घेऊन आले. पळस कळ्यांवर आलाय, पानं जून झालीत, कडक. मामांनी एकेक पान पुसून ठेवलं. गुरुजींनी सांगितलं तसे अंगणात दर्भ आणि पानं बांधून हात, पाय, छाती केली. डोक्याच्या जागी नारळ. सोमा उंच होता, पुतळा तेवढा झाला नाही. मामा म्हणाले, "पाय जरा लांबवा की वो," आणि गुरुजींनी काही न बोलता अजून पानं घेतली.

गुरुजी सातूचं पीठ म्हणाले होते. आत्याबाई म्हणाल्या, "सातू कशाला? आपल्या खाचराचं तांदळाचं पीठ घ्या. त्येच खाऊन वाढलाय त्यो." गुरुजी हो म्हणाले. आत्याबाईंनी पाणी उकळलं, भाकरीला करतात तसं पीठ मळलं, आणि गरम गोळा परातीत माझ्यापुढे ठेवला.

"तोंड तू कर. तुलाच येतं."

मला येतं. मी नारळावर पीठ लिंपलं आणि करायला बसले. बोटं आपोआप चालली. रुंद जबडा, वर उचललेली हनुवटी, सरळ नाक, सलग भुवया. भराभर झालं. हात धुवायला उठले आणि लांबून पाहिलं तर अंगणात कातळ झोपला होता.

मामा आले, वाकून बघितलं, आणि विचारलं, "ह्यो कोन?" टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी परत बसले. हनुवटी खाली घेतली. जबडा कापला. तरी तो कातळच. डोळे मिटून सोमा आठवायला गेले तर टॉवेल बांधलेला, स्टुलावरचा, हनुवटी वर केलेला सोमा येई, म्हणजे परत कातळच. तीन वर्षं मी हे तोंड रोज काढलं आणि काढून काढून माझ्या नवऱ्याचं तोंड पुसून टाकलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, पिठाचे हात तोंडावर घेऊन हुंदके द्यायला लागले. म्हटलं, आत्या, मला आठवत नाही. मला तो आठवतच नाही हो.

आत्याबाई माझ्या मागे येऊन बसल्या. माझे दोन्ही हात मनगटाला धरले आणि पिठावर ठेवले. स्वतः केलं नाही, माझेच हात हलवले. "हितं जरा खोल. गाल बसल्यालं त्येचं, बाळ हुता तवापास्नं. नाक आसं वाकडं, उजवीकडं. कान मोठं. मोठं कर, लाजू नगंस. वठ खालचा जाड." पीठ निवत चाललं होतं, कडेला चिरा पडत होत्या, आत्याबाई पाण्याचं बोट लावून त्या बुजवत होत्या. मग त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख उजव्या भुवईवर टेकवलं. "आन हितं."

मी दाबलं. काप पडला.

आणि तो सोमा होता. चुलीशी वाकून "भूक लागलीय गं" म्हणणारा, फोनवर "चैतू" म्हणणारा, घाबरलेला, घरी येऊ का म्हणून विचारणारा. मी त्याला सांगितलं, ये रे. मोठ्यानं सांगितलं. ये घरी.

मामा परत वाकले. बराच वेळ बघत राहिले. त्यांनी खिशातला रुमाल काढून पुतळ्याच्या गालावर पडलेलं पीठ टिपलं, लहान मुलाचं तोंड पुसतात तसं.

"आता वळखू येतोय," ते म्हणाले. "न्या आता."

पुरुषांनी उचलला. बायका ओढ्यापर्यंत जात नाहीत, आम्ही दारात उभ्या राहिलो. मी आयुष्यात सोमाचं एकच खरं चित्र काढलं, आणि ते त्याच्या बापाच्या हातात जाळायला दिलं. ओढ्याकडून धूर वर आला तेव्हा आत्याबाई घरात गेल्या, परातीला चिकटलेलं पीठ खरवडून काढलं, आणि मला म्हणाल्या, "हात धू, पोरी. नखात ऱ्हायलंय तुज्या."

मी अजून धुतलेले नाहीत.